दुसऱ्या अंतऱ्याआधी

परळच्या इस्पितळात मी कान तपासतो.
काचेच्या खोलीत माणूस बसवायचा,
ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं
आणि वाट बघायची.
अडीचशे, पाचशे, हजार, चार हजार, आठ हजार.
आठच्या पुढे आमचं यंत्र जात नाही.
माझे बाबा त्याच्या पुढे राहायचे.

ट्रँगल वाजवायचे ते.
चारकोपचे शेजारी हसायचे,
भूमितीचे मास्तर का?
ताडदेवच्या स्टुडिओत, पन्नास वादकांच्या मागे,
दाराजवळची खुर्ची, दोऱ्याला टांगलेली वाकडी सळई.
एका गाण्यात त्यांना एकच ठोका होता,
दुसऱ्या अंतऱ्याआधी.
त्यासाठी सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत
मात्रा मोजत बसले.
व्हाउचरवर सही केली: रघुवीर आजगावकर, रुपये पंच्याहत्तर.
तबकडीवर नाव नाही. असायचंही नाही.

ते गाणं माझ्याकडे बरीच वर्षं होतं.
लॅमिंग्टन रोडच्या एका पोराने कार्डात भरून दिलेलं,
चाळीस रुपयांत आठशे गाणी, वर प्लास्टिकची डबी.
त्यात बाबांच्या ठोक्याच्या जागी
तापल्या तव्यावर थेंब पडल्यासारखं काहीतरी:
च्छ.
मी म्हणायचो, चला, जागा तरी आहे.

बाबा गेले त्यानंतरच्या मार्चमध्ये
बसलो गाणं रीतसर विकत घ्यायला.

पहिला म्हणाला, महिन्याला इतके द्या, सगळी गाणी तुमची.
खाली बारीक अक्षरांत: पैसे थांबले की गाणी परत.
म्हणजे लीव्ह-लायसन्स.
जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाचा ठोका
पुन्हा भाड्यानेच?
दुसऱ्याकडे त्याच नावाचं रिमिक्स होतं.
तिसऱ्याने 'अस्सल स्टुडिओ दर्जा' म्हणून एकशे ऐंशी घेतले.
रात्री आलेख काढून पाहिला,
सोळा हजारावर सरळ रेघ, वरचं सगळं छाटलेलं,
पालिकेची गाडी येऊन गेल्यावर झाड दिसतं तसं.
जुनीच एमपीथ्री मोठ्या पिशवीत घातलेली.
इमारत तीच, बाहेरून रंग.
पैसे परत मागितले. मिळाले.
सतरा दिवसांनी.

शमिका म्हणाली, पप्पा, फुकट आहे की,
एकदम भारी क्वालिटी, हे बघा.
खरंच होतं. तिच्या फोनवर माझा अंगठा
बटणाच्या वर थोडा वेळ थांबला.
मग ते व्हाउचर आठवलं.
मी मोजीन त्यातला एक पैसाही बाबांकडे जाणार नाही,
ते पंच्याहत्तरात मिटलेलं आहे, हे कळतं मला.
तरी त्या सहीसमोर आपली एक पावती असावी
असं वाटलं.
का, ते विचारू नका. मांडता येत नाही.

चौथं दुकान गाण्याच्या कंपनीचंच निघालं.
मूळ टेपवरून उतरवलेली फाइल, बासष्ट रुपये,
एकदा घेतली की तुमची.
सव्वीस एमबी उतरायला चहा होईस्तोवर वेळ लागला.
चहा प्यायचा राहिला.

पंखा बंद केला. वायरवाले हेडफोन.
दुसऱ्या अंतऱ्याआधी श्वास धरला.

टिक्.

एवढंच. मग व्हायोलिनं.
पुन्हा लावलं. टिक्.

तेव्हा लक्षात आलं, मीही पंचावन्नचा आहे.
माझा आलेख मागच्या वर्षी मीच काढलाय,
चार हजारापासून जिना उतरतो तो.
पेशंटला हे सांगताना मी खुर्ची पुढे ओढतो.
स्वतःला सांगताना ओढायला खुर्ची नव्हती.

शमिकाला उठवलं. सतरा वर्षांचे कान.
हेडफोन लावून डोळे मिटून बसली, जरा वैतागलेली.
मग चेहरा बदलला.
'केवढं वर जातंय हे,' म्हणाली.
'पण पप्पा, फाइल खराब आहे.
टिंगऽऽ होतं आणि मध्येच तुटतं. एकदम.
पैसे परत मागा.'

तुटत नाही गं.
दोन बोटांनी धरतात तो,
घुमत राहू नये म्हणून.
पुढे गाणारी यायची असते.